तालमीची जागा, नोंदींची वही

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल वैद्यकीय शिक्षण घेतलेले. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे त्याच वाटेवरचे, पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नावाजलेले. त्यांच्या सोबतचे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. नाटककार विजय तेंडुलकरांचं तर शालेय शिक्षणही अर्धवट राहिलेलं. थोडं मागेपुढे पाहिलं तर डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. त्या काळातल्या मराठी नाटकाची श्रेयनामावली एखाद्या इस्पितळाच्या पाटीसारखी वाचता येते. नाटकाची पदवी मात्र यांतल्या कुणाकडेच नव्हती.

चोवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजातली नोकरी सोडून पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथे राहिले. जी पिढी नाटक विद्यापीठाबाहेर शिकली, तिच्यातलाच एक जण पुढच्या पिढीला ते विद्यापीठात शिकवायला बसला. आपल्याकडच्या नाट्यशिक्षणाचा सगळा पेच या एका बदलीत आहे. पदवीवाचून उभ्या राहिलेल्या रंगभूमीला पदवी कशाला? आणि हवीच असेल, तर विद्यापीठानं तिला असं काय द्यावं, जे तिला दुसरीकडे मिळत नाही?

मंडळीची शाळा

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून पुढची जवळजवळ शंभर वर्षं नट घडला तो नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात. पोरवयात मंडळीत दाखल व्हायचं, पडेल ते काम करायचं, मोठ्या नटाच्या नकला विंगेतून पाठ करायच्या आणि एखाद्या रात्री कुणी आजारी पडलं की तोंडाला रंग लावायचा, असा तो अभ्यासक्रम. त्यातला खरा शिक्षक म्हणजे तालीम मास्तर. गोविंद बल्लाळ देवल हे त्यातलं मोठं नाव. वाक्य कुठे तोडायचं, कुठे श्वास घ्यायचा, समोरचा बोलत असताना हातांचं काय करायचं, हे देवल नटाकडून घोटून घेत.

कॉलेज आणि नाटक यांची पहिली गाठही त्याच काळात पडली. फर्ग्युसनचे प्रा. वासुदेवराव केळकर यांनी शेक्सपिअरच्या सुखात्मिकेवरून ‘त्राटिका’ लिहिलं आणि शाहूनगरवासी मंडळीच्या नटांना तालीमही दिली. आगरकरांचं ‘विकारविलसित’, म्हणजे मराठी ‘हॅम्लेट’, याच मंडळीच्या गणपतराव जोशींनी गाजवलं. वर्गात शेक्सपिअर शिकवायचा आणि संध्याकाळी तोच नटाच्या तोंडात बसवायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. पण विद्यापीठानं स्वतः त्याची दखल घेतली नाही. कॉलेजात नाटक होतं ते वाचण्यापुरतं, आणि करायचं तर स्नेहसंमेलनापुरतं.

मंडळ्या मोडल्या तशी शिक्षणाची जागा स्पर्धांनी घेतली. १९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. १९६३ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकनं पुरुषोत्तम करंडक सुरू केला. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरची (आयएनटी) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होतीच. ज्यानं भरतच्या गॅलरीत बसून ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी एकदा ऐकली आहे, त्याला मराठी मुलं नाटक कुठे शिकतात हे निराळं सांगावं लागत नाही. वेळेत नाटक संपवणं, दहा मिनिटांत नेपथ्य उभं करणं आणि उतरवणं, अपुऱ्या पैशांत वेशभूषा जमवणं ही स्पर्धेची शिकवण आहे आणि ती पक्की आहे.

तिची मर्यादाही तितकीच पक्की आहे. स्पर्धेत नाटक परीक्षकाला आवडावं लागतं. धक्का, कलाटणी, शेवटचा अंधार आणि त्यातली किंकाळी यांचा एक साचा त्यातून तयार होतो आणि दरवर्षीची पोरं तो उचलतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडकाला पात्र असं एकही नाटक नाही म्हणून तो दिलाच नाही, तेव्हा गहजब झाला. पण त्यामागचा मुद्दा जुनाच होता. चुकायला, रेंगाळायला, एकच प्रवेश पाच निरनिराळ्या रीतींनी करून पाहायला स्पर्धेत वेळ नसतो. व्यावसायिक नाटकात तर तो मुळीच नसतो, कारण तिथे तारखा आधी ठरतात.

पिट्सबर्ग, बर्लिन, ब्रिस्टल

हा प्रश्न फक्त आपला नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांनाही नाटक पंगतीला घ्यायला बराच वेळ लागला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेनं १९१४ मध्ये नाटकाची पदवी सुरू केली. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखनाचा वर्ग चालवत आणि नाटककार युजीन ओनील त्यांच्याकडे शिकला. पण हार्वर्ड या विषयाला पदवी देईना, म्हणून बेकर १९२५ मध्ये येलला गेले आणि तिथे नाटकाचा विभाग उभा केला.

जर्मनीत वाट वेगळी होती. माक्स हेरमान या अभ्यासकाचं म्हणणं असं, की नाटक म्हणजे छापलेली संहिता नव्हेच. प्रेक्षकासमोर घडतो तो प्रयोग हा अभ्यासाचा विषय, आणि तो साहित्याच्या विभागात मावत नाही. त्यांच्या प्रयत्नांतून १९२३ मध्ये बर्लिन विद्यापीठात रंगभूमी-अभ्यासाची संस्था निघाली. हेरमान ज्यू होते. नाझींनी त्यांना छळछावणीत धाडलं आणि १९४२ मध्ये त्यांचा तिथेच अंत झाला. ब्रिटनमध्ये नाटकाचा पहिला विद्यापीठ विभाग ब्रिस्टलला १९४७ मध्ये सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९०४ पासून, लंडनमध्ये ‘राडा’ ही नट घडवणारी शाळा होती, पण ती विद्यापीठाबाहेरची.

इथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक कारागिरीची: नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ तयार करायचे. दुसरी ज्ञानाची: नाटक म्हणजे काय, ते समाजात काय करतं, प्रेक्षक त्यात काय पाहतो, हे शोधायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० मध्ये रिचर्ड शेकनर यांच्या पुढाकारानं ‘परफॉर्मन्स स्टडीज’चा विभाग आला, तेव्हा दुसरी वाट आणखी रुंद झाली. विधी, मिरवणूक, खेळ, निवडणुकीची सभा हे सगळंच त्या अभ्यासात आलं. शेकनर यांनी आपल्याकडच्या रामनगरच्या रामलीलेचा अनेक वर्षं अभ्यास केला. पण त्या अभ्यासाचं केंद्र न्यूयॉर्कला राहिलं, ही गोष्ट आपण विसरू नये.

बडोदा, दिल्ली आणि पलीकडे

भारतात विद्यापीठ आणि रंगकला यांना जोडणारं एक जुनं ठिकाण मराठी माणसाच्या ओळखीचं आहे: बडोदा. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं १८८६ मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि संगीताच्या शेजारी नाटकालाही पदवीचा पाट मिळाला. गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचा त्यात मोठा वाटा होता.

देशाचं लक्ष वेधलं ते दिल्लीनं. संगीत नाटक अकादमीनं १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजेच एनएसडी, सुरू केलं. १९६२ मध्ये राडामध्ये शिकून आलेले इब्राहिम अल्काझी संचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्यांनी तिथे शिस्तीचा एक नवाच अर्थ रुजवला. रंगमंच झाडण्यापासून प्रकाशयोजनेचा आराखडा काढण्यापर्यंत सगळं विद्यार्थ्यानं करायचं. नटानं चित्रकला पाहायची, वास्तुरचना पाहायची. फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत झालेलं त्यांचं ‘अंधा युग’ हा त्या शिक्षणाचा जाहीर नमुना होता. उत्तरा बावकर, रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी, ज्योती सुभाष, अतुल कुलकर्णी असे कितीतरी मराठी कलावंत याच शाळेतून आले.

एनएसडीच्या कहाणीतलं एक प्रकरण मात्र आपल्या प्रश्नाला थेट भिडतं. २००५ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये संस्थेच्याच मागणीवरून तो काढून घेतला गेला. लोक ज्या दर्जासाठी खेटे घालतात, तो या संस्थेला नकोसा का झाला? कारण विद्यापीठाची चौकट आली की तिचे नियम येतात. शिक्षकाची पात्रता पदवीवर ठरते. मग शाळेची पायरी न चढलेला एखादा थोर लोककलावंत तिथे शिकवणार कसा? तास, सत्रं आणि मूल्यमापन ठरावीक होतं. मग एका दिग्दर्शकानं तीन महिने सलग वर्ग ताब्यात घ्यावा, हे बसणार कुठे? ही कोंडी आजही प्रत्येक विद्यापीठाच्या नाट्यविभागात आहे.

एनएसडीच्या बाहेरही देशात चांगली कामं उभी राहिली. कोलकात्याच्या रवींद्र भारती विद्यापीठात नाटकाचं शिक्षण आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात १९७२ मध्ये बलवंत गार्गींनी भारतीय रंगभूमीचा विभाग उभा केला. कालिकत विद्यापीठानं १९७७ मध्ये त्रिशूरला नाट्यविद्यालय काढलं आणि जी. शंकर पिळ्ळै यांनी ते घडवलं. हैदराबाद विद्यापीठात सरोजिनी नायडू स्कूल १९८८ पासून आहे. विद्यापीठाच्या छत्राबाहेर कर्नाटकातल्या हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासमनं १९८० मध्ये सुरू केलेली शाळाही आहे. सुपारीच्या बागांमधल्या एका खेड्यात नाटक शिकता येतं आणि शिकलेली मुलं ‘तिरुगाट’ या फिरत्या संचातून कर्नाटकभर प्रयोग करत हिंडतात, हे तिनं दाखवून दिलं. महाराष्ट्रात असं काही का झालं नाही, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही.

औरंगाबाद, पुणे, मुंबई

महाराष्ट्रात या कामाची वेस ओलांडली ती मराठवाड्यानं. तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला आणि एनएसडीत शिकून आलेले कमलाकर सोनटक्के त्याचे प्रमुख झाले. नाटकाचा पुणे-मुंबईचा सुभा असताना हा विभाग औरंगाबादेत निघाला, यालाच खरं महत्त्व आहे. जिथे नाट्यगृहं मोजकी, व्यावसायिक नाटकाचे दौरे कधीमधी आणि घरात नाटकाची परंपरा नाही, अशा तालुक्यांतली मुलं तिथे आली. त्यांच्यासाठी विभाग हा शिक्षणाचा एक पर्याय नव्हता, नाटकापर्यंत जाणारा तो एकमेव दरवाजा होता. मराठवाड्यातल्या काही महाविद्यालयांत आजही बी. ए.ला नाट्यशास्त्र हा विषय घेता येतो, त्याचं मूळ इथेच आहे.

या विभागात शिकवणारे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घेऊन जगभर फिरले. एकटा माणूस, बावन्न व्यक्तिरेखा आणि मराठवाड्याची बोली. दलित रंगभूमीचे महत्त्वाचे नाटककार दत्ता भगत यांनीही इथे काम केलं. प्रमाण भाषेच्या मंचावर जे बोलणं विनोदापुरतं यायचं, ते इथे व्यक्तिरेखेचं हक्काचं बोलणं झालं. विद्यापीठानं रंगभूमीला काय दिलं, असं कुणी विचारलं तर या गोष्टीकडे आधी बोट दाखवावं.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं. नाटक, संगीत आणि नृत्य एका छपराखाली, आणि शिकवण्यात गुरुकुलाची पद्धत, ही त्याची ओळख. संगीताचा विद्यार्थी शेजारच्या खोलीत रियाज करतोय आणि नाटकाचा विद्यार्थी त्याला आपल्या प्रयोगासाठी मागून घेतोय, ही सोय भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ मध्ये कलिना परिसरात सुरू झाली. बीड जिल्ह्यातून आलेले, एनएसडीत शिकलेले आणि ‘झुलवा’ या नाटकाचे दिग्दर्शक वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. तेच पुढे २०१३ ते २०१८ या काळात एनएसडीचे संचालक झाले. बीड, दिल्ली, मुंबई आणि पुन्हा दिल्ली हा त्यांचा प्रवास पाहिला, की या शिक्षणानं भूगोल कसा बदलला ते कळतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे.

गोव्यात हे काम कला अकादमीच्या नाट्य महाविद्यालयातून होतं. तिथली गोष्ट महाराष्ट्राहून वेगळी आहे. गावच्या देवळातल्या उत्सवाचं मराठी नाटक आणि कोकणी तियात्र या दोन्ही रंगपरंपरा तिथे आजही जित्याजागत्या आहेत. तिथला विद्यार्थी शाळेत यायच्या आधीच एका प्रेक्षकवर्गाचा सभासद असतो. त्याला शिकवायचं म्हणजे त्याच्या अंगात आहे ते त्याला बाहेरून पाहायला लावायचं.

सहा सत्रांत काय घडतं

बाहेरच्या माणसाला वाटतं, नाट्यशास्त्राच्या वर्गात अभिनय शिकवतात. प्रत्यक्षात पहिलं सत्र बरंचसं जमिनीवर जातं. श्वास, पाठ, चाल, तोल. मग आवाज. इथे मराठीचे स्वतःचे प्रश्न आहेत. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळा, ‘न’ आणि ‘ण’ यांची गल्लत, लांबलचक वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं तेव्हा उरलेला श्वास. संस्कृतप्रचुर संगीत नाटकातलं वाक्य बोलायला एक फुप्फुस लागतं आणि तेंडुलकरांचं तुटक, अर्धवट वाक्य बोलायला दुसरं.

दुसरा मोठा भाग म्हणजे हातानं करायची कामं. शिडीवर चढून स्पॉट लावणं, रंगीत जिलेटीन बदलणं, डिमरवर बसून क्यू सोडणं, फ्लॅट शिवणं आणि रंगवणं. पहिल्या वर्षी नटाला हे कमीपणाचं वाटतं. शेवटच्या वर्षी त्याला कळतं, की चेहऱ्यावर प्रकाश कुठून पडतो हे माहीत नसलेला नट चेहऱ्यानं काहीही करो, पाचव्या रांगेच्या पलीकडे ते पोहोचत नाही. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगताना आंगिक, वाचिक आणि सात्त्विकाबरोबर आहार्य, म्हणजे वेश आणि रंगभूषा, हाही अभिनयच मानला. त्या वर्गीकरणाचा अर्थ विद्यार्थ्याला पुस्तकातून उमगतो त्याहून जास्त रंगीत तालमीत उमगतो.

तिसरा भाग सिद्धान्ताचा. नाट्यशास्त्र, ॲरिस्टॉटल, स्तानिस्लावस्की, ब्रेख्त, मराठी रंगभूमीचा इतिहास. विभागांचा कस लागतो तो इथे, कारण बरेचदा हे विषय उत्तरपत्रिकेसाठी शिकवले जातात आणि तालमीत त्यांचा मागमूस नसतो. ब्रेख्तचा दुरावा प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना येतो, संध्याकाळी त्याच विद्यार्थ्याला दिग्दर्शक सांगतो, “रड, अजून रड.”

आणि मग प्रयोग. सत्राच्या शेवटी विद्यार्थी नाटक करतात. तिकीट नसतं, प्रेक्षक म्हणजे मित्र, शिक्षक आणि परगावाहून आलेले आई-वडील. तीन आठवडे तालीम करून प्रयोग साफ पडू शकतो आणि तरीही विद्यार्थी पास होऊ शकतो. माझ्या मते विद्यापीठाची खरी देणगी हीच आहे. मंडळीत पडलेला प्रयोग म्हणजे बुडालेलं बुकिंग. स्पर्धेत तो म्हणजे हरलेला करंडक. विद्यापीठात तो दुसऱ्या दिवशीच्या तासाचा विषय होऊ शकतो.

मराठीतली पुस्तकं

विद्यापीठात विषय रुजतो तो पुस्तकांवर. मराठीत ही पायाभरणी बरीच जुनी आहे. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचं ‘मराठी रंगभूमी’ १९०३ चं. गोदावरी केतकरांनी १९२८ मध्ये भरताच्या नाट्यशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्या विद्यापीठांत नाटकाचा विभाग असावा हे कुणाच्या मनातही नव्हतं. श्री. ना. बनहट्टींनी रंगभूमीचा इतिहास लिहिला. र. पं. कंगले यांनी रसविचार अभिनवगुप्ताच्या टीकेसह मराठीत आणला. के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्की ‘अभिनय साधना’ या नावानं मराठीत उतरवला. लागूंचं ‘लमाण’ आणि विजया मेहतांचं ‘झिम्मा’ ही आत्मचरित्रं तर तालमीची पाठ्यपुस्तकं म्हणून वाचता येतात.

उणीव आहे ती मधल्या प्रकारच्या पुस्तकांची. मराठी प्रकाशयोजनाकारानं मराठी नाट्यगृहाविषयी लिहिलेलं, आराखड्यांसह छापलेलं पुस्तक. रंगमंच व्यवस्थापनाची वही. मराठी उच्चारांवर बेतलेल्या आवाजाच्या व्यायामांचं हस्तपुस्तक. विद्यार्थ्यांना आज हे तोंडी मिळतं किंवा इंग्रजीतून. इंग्रजी पुस्तकातला रंगमंच आपल्या रंगमंचाहून मोठा आणि त्यातला दिव्यांचा साठा आपल्या तालुक्याच्या नाट्यगृहातल्या साठ्याच्या दसपट. शिकलेलं वापरायला जावं, तर जागाच सापडत नाही.

पोटाचा प्रश्न

पदवी मिळाली, पुढे काय? एनएसडीत जायचं तर देशभरातून दरवर्षी फक्त ३२ जणांना प्रवेश मिळतो, आणि तोही पदवी व आधीच्या नाट्यानुभवाच्या अटीवर. मुंबईत मालिका आहेत. तिथे दिवसाला जितकी दृश्यं उरकतात, तितक्या वेळात विभागात एका प्रवेशाची पहिली तालीमही संपलेली नसते. तरी घरभाडं तिथूनच निघतं. व्यावसायिक नाटकात प्रकाश, नेपथ्य आणि ध्वनी सांभाळणारी माणसं लागतात, पण तिथली भरती ओळखीनं होते.

शिकवायचं म्हटलं तर नेट परीक्षेत नाटकाचा विषय आहे, पीएच.डी. आहे. पण मंजूर जागा कमी आणि तासिका तत्त्वावर राबणारे जास्त, हे चित्र महाराष्ट्रातल्या सगळ्याच विषयांचं आहे. नाटकाच्या बाबतीत ते अधिक बोचतं, कारण तालीम तासिकेत मोजता येत नाही. पाच वाजता तास संपतो आणि काम सहाला सुरू होतं. पगार मात्र पाचपर्यंतचाच.

सर्वांत मोठी बंद खिडकी शाळांची आहे. गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनं होतात, पण नाटकाचा शिक्षक ही नेमणूक जवळजवळ नसतेच. एनएसडीनं १९८९ मध्ये मुलांसाठी संस्कार रंग टोळी सुरू करून हे काम वेगळ्या कौशल्याचं आहे असं मानलं. राज्यानं तेवढीच जागा शाळांत निर्माण केली, तर नाट्यशास्त्राच्या पदवीधरांचा अर्धा प्रश्न सुटेल आणि मुलांचं बोलणंही सुधारेल.

आणखी एक बाजारपेठ आपल्या डोळ्यांसमोर असून अभ्यासक्रमात नाही: झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या भागांत दिवाळीनंतर धान निघालं, की मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्तानं रात्रभर नाटकं होतात. वडसा हे त्याचं केंद्र. नाट्यसंस्था, लेखक, नट, वादक असा पूर्ण व्यवसाय तिथे चालतो आणि प्रेक्षक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. पुण्या-मुंबईत प्रेक्षक आटल्याचं रडगाणं गाणाऱ्यांनी एकदा वडशाला जाऊन यावं. ज्या विद्यार्थ्यानं तिथे एक हंगाम काढला, त्याला प्रेक्षकाबद्दल दोन सत्रांत शिकवण्याजोगं फारसं काही उरत नाही.

परीक्षेचं नाटक

प्रयोग चुकण्याची मोकळीक ही विद्यापीठाची देणगी असेल, तर ती मोकळीक कुठवर जाते हेही पाहिलं पाहिजे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्याच्या ललित कला केंद्राच्या आवारात विद्यार्थ्यांचं एक परीक्षेचं नाटक चालू होतं. रामलीलेतल्या नटांचं पडद्यामागचं वागणं हा त्याचा विषय. धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेऊन एका विद्यार्थी संघटनेनं प्रयोग बंद पाडला. पोलिसांनी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक केली, नंतर त्यांना जामीन मिळाला. ते नाटक चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न परीक्षकांचा होता आणि गुण देऊन तो सुटला असता. ज्या राज्यात ‘घाशीराम’वर रान उठलं आणि तरी ते जगभर गेलं, त्या राज्यात सत्र-परीक्षेची उत्तरपत्रिका पोलीस ठाण्यात गेली.

गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे नाटक विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या चौकशीवर उभं आहे. गो.पु. स्वतः जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवत. विद्यापीठ मोकळं असतं असं आपण गृहीत धरतो, ते किती सहज चौकशीची खोली होऊ शकतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं. नाट्यविभाग काढणं सोपं असतं. त्याच्या पाठीशी उभं राहणं हे कुलगुरूंच्या कार्यालयाचं काम आहे, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिता येत नाही.

जे दुसरं कुणी करणार नाही

नवीन शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची पदवी, श्रेयांक आणि विषयांची सरमिसळ आणली आहे. भौतिकशास्त्राच्या मुलानं प्रकाशयोजना घ्यावी, संगणकाच्या मुलीनं ध्वनी घ्यावा, हे आता कागदावर शक्य आहे. लागू, पटेल आणि आगाशे वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात नाटक करत वाढले, हे लक्षात घेतलं तर या सरमिसळीत मराठी रंगभूमीला अनोळखी असं काही नाही. फक्त तेव्हा ती अभ्यासाबाहेर होती, आता आत आणायची आहे.

नट घडवण्याचा मक्ता मात्र विद्यापीठानं घेऊ नये. ते काम स्पर्धा करतात, हौशी संस्था करतात, आणि प्रतिभा स्वतःची वाट काढतेच. ज्या मुलाला किंवा मुलीला दुसरं दार नाही त्यांना दार उघडणं, बुकिंगच्या धाकाशिवाय चुकू देणं आणि घडलेल्या नाटकाची नोंद ठेवणं, ही कामं दुसरं कुणी करणार नाही. पहिली दोन आपले विभाग कमी-अधिक करतात. तिसऱ्यात आपण फार मागे आहोत.

‘घाशीराम’चंच पाहा. त्यात ब्राह्मण झालेल्या नटांची रांग माणसांची भिंत बनते; ती कधी पडदा होते, कधी गर्दी, कधी नानांना लपवते. कृष्णदेव मुळगुंदांनी त्या हालचाली बसवल्या, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलं. १९७६ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला, पण तो चित्रपट होता, प्रयोग नव्हे. भिंतीतला तिसरा माणूस कोणत्या मात्रेवर वळायचा, कुणाच्या खांद्याच्या इशाऱ्यानं सगळे झुकायचे, हे संहितेत छापलेलं नाही. ते त्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्या अंगात आहे, आणि ती माणसं आता थकली आहेत.

एखाद्या नाट्यविभागानं दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना वही, मोजपट्टी आणि रेकॉर्डर देऊन त्या रांगेतल्या एखाद्या नटाच्या घरी पाठवावं. दिवाणखान्यातलं टेबल बाजूला सारून त्या गृहस्थांनी उभं राहावं, दोन पावलं टाकून दाखवावीत, आणि मुलांनी ती मोजून लिहून घ्यावीत. त्या कामाला श्रेयांक किती द्यायचे, याचा ठराव विद्यापीठानं सावकाश करावा.